दारू सुटली, आता ती सुटलेली कशी ठेवायची? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न दारूचे आहेत, कारण विचारणारे बहुतेक लोक दारू सोडलेले किंवा त्यांच्या घरचे असतात. गर्द (हेरॉइनची भुकटी), गांजा आणि तंबाखूबद्दल जिथे वेगळं सांगायला हवं तिथे वेगळं सांगितलं आहे.

व्यसनमुक्ती सेंटरमधून घरी येऊन पंधरा दिवस झाले. आता नेमकं करायचं काय?

पहिले ९० दिवस इच्छाशक्तीवर भिस्त ठेवू नका, वेळापत्रकावर ठेवा. उठण्याची आणि तिन्ही वेळच्या खाण्याची वेळ ठरवून कागदावर लिहा. त्याहून महत्त्वाचे संध्याकाळी सहा ते नऊ हे तीन तास. रोज याच वेळी प्यायची सवय असलेल्याच्या शरीरात घड्याळ लागलेलं असतं आणि सेंटरमधून आल्यावरही ते त्याच वेळी वाजतं. म्हणून हे तास रिकामे सोडू नका. गोल्फ क्लबच्या मैदानावर किंवा गोदापार्कला चालायला जा, मुलांचा अभ्यास घ्या, दारू सोडलेल्यांनी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे ए.ए.ची, सभा गाठा. शहरात त्यांच्या मराठी सभा होतात आणि पैसे लागत नाहीत. ‘नव्वद दिवसांत नव्वद सभा’ हा त्यांचा जुना रिवाज आहे. रोज जमत नसेल तर आठवड्यातल्या तीन तरी पक्क्या करा आणि त्यातली एक घरापासून चालत जाता येईल अशी निवडा. पावसात द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून जावं लागणारी सभा पहिली बुडते.

मग पैसा. हल्ली बारमध्येही क्यूआर कोड असतो, त्यामुळे खिसा रिकामा ठेवून भागत नाही. पगाराचं खातं यूपीआयला जोडू नका. दुसरं छोटं खातं जोडा आणि त्यात आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. हे चोरून करायचं नाही, घरच्यांबरोबर बसून ठरवायचं.

चुकून एक घोट घेतला तरी रिलॅप्स झाला म्हणायचं का?

एकदा पाय घसरणं वेगळं आणि पुन्हा पहिल्यासारखं पिणं सुरू होणं वेगळं. पण या दोन्हींत अंतर फार थोडं असतं आणि ते पार करायला लावते ती दारूइतकीच शरम. ‘सहा महिने गेलेच पाण्यात, मग आता क्वार्टर तरी पूर्ण करू’ हा विचार अ‍ॅलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमका पकडला होता. नियम मोडला की माणूस स्वतःला नालायक ठरवतो आणि नालायकपणाची ती भावना बुडवायला पुन्हा पितो. सहा महिने पाण्यात जात नाहीत. यकृत तेवढे दिवस सावरलेलं असतं, घरात तेवढे पगार आलेले असतात.

व्यसनात पुन्हा घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितलं जातं. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांमध्ये औषध-पथ्य सोडून पुन्हा त्रास होण्याचं प्रमाणही याच्या आसपास आहे. बीपी वाढल्यावर आपण रुग्णाला शिव्या देत नाही, गोळी बदलतो.

घसरण आधी ओळखता येते का?

येते, आणि हाच या पानावरचा सर्वांत उपयोगाचा भाग आहे. पहिला पेग ही घसरणीची सुरुवात नसते, शेवट असतो. त्याआधी कित्येक दिवस, कधी कधी महिनाभर, तयारी चाललेली असते आणि ती पिण्याची तयारी आहे असं वाटतच नाही.

आधी दिनक्रम सैल होतो. दाढी राहते, दुपारचं जेवण चहा-बिस्किटावर निघतं, झोपायला एक वाजतो. मग सभा बुडते, कारण ‘तिथे तेच तेच बोलतात’. घरात मीठ कमी पडलं यावर भांडण होतं. छोट्या, विनाकारण थापा सुरू होतात: कुठे होतास तर सीबीएसला, प्रत्यक्षात होता सातपूरला. यात दारू कुठेच नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पुढच्या टप्प्यावर जुन्या दिवसांच्या आठवणी गोड व्हायला लागतात. मजा आठवते, ओकाऱ्या आठवत नाहीत. जुन्या ग्रुपमधल्या एकाला ‘सहज’ फोन जातो. शेवटी ‘फक्त जेवायला’ म्हणून बार असलेल्या गार्डन रेस्टॉरंटमध्ये जाणं होतं, समोर चकणा येतो. तोपर्यंत निर्णय झालेला असतो, ऑर्डर द्यायची तेवढी बाकी असते.

यावर उपाय म्हणजे दर रविवारी दहा मिनिटं वही. या आठवड्यात किती जेवणं चुकली, किती रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली, कोणावर राग धरून बसलो, काय लपवलं, सभा किंवा डॉक्टर बुडाले का. पाचपैकी तीन उत्तरं वाईट आली तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. ही चिन्हं घरच्यांना आधी दिसतात, त्या माणसाला नंतर. म्हणून ‘मला असं दिसलं तर तुम्ही काय म्हणायचं’ हेही चांगल्या दिवशीच ठरवून ठेवा.

तलफ आली की त्या क्षणी काय करायचं?

तलफ लाटेसारखी चढते, टोकाला जाते आणि ओसरते. बहुतेक वेळा हे सगळं अर्ध्या तासाच्या आत होतं. ‘आयुष्यभर पिणार नाही’ असं त्या वेळी म्हणू नका, डोंगर दिसतो. तीस मिनिटं काढायची आहेत, एवढंच.

पहिलं काम खाणं. पोट भरलं की तलफेचा जोर बऱ्याचदा उतरतो, कारण कित्येकदा ती भूकच असते. शेंगदाणे-गूळ, चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू बॅगेत असू द्या. मधुमेह असेल तर फुटाणे. मग जागा बदला: खोलीत असाल तर बाहेर, रस्त्यावर असाल तर मंदिरात किंवा वाचनालयात. मग फोन. तीन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण त्या वेळी मोबाइलमध्ये नाव शोधताना दुसरंच नाव सापडतं. भूक, राग, एकटेपणा, थकवा यांपैकी आत्ता काय आहे, हे स्वतःला विचारा. चारपैकी एक तरी निघतंच, आणि प्रत्येकाचा इलाज दारूहून स्वस्त आहे.

श्रावण तर मी दर वर्षी पाळतो. मग मला व्यसन आहे असं कसं म्हणता?

श्रावण पाळणारा माणूस शेवटच्या आठवड्यात दिवस मोजत असेल आणि महिना संपताच दुप्पट पीत असेल, तर तो महिना पुरावा उलटा देतो. थांबता येणं आणि थांबलेलं राहणं ही दोन वेगळी कामं आहेत.

गटारी, रंगपंचमी, वरात, थर्टी फर्स्ट यातून कसं सुटायचं?

नाशिकचं कॅलेंडर घ्या आणि धोक्याच्या तारखांवर आधीच लाल खूण करा. इथली खरी रंगांची धूम धुळवडीला नसते, रंगपंचमीला असते. त्यामुळे होळीपासून पाच दिवस वातावरण तापलेलं राहतं. रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, उडी मारायला दारू लागत नाही, पण ज्यांच्याबरोबर गेली दहा वर्षं मारली त्यांना लागते. पहिलं वर्ष असेल तर त्या दिवशी वणीला सप्तशृंगीच्या गडावर किंवा गावी जा. शहरात राहणारच असाल तर न पिणाऱ्या माणसाबरोबर जा, सकाळी लवकर खेळा आणि गर्दी चढायच्या आत घरी या. गटारीची अमावास्या म्हणजेच दिव्यांची अवस. घरी दिवे घासून पूजा करा, बाजरीचे किंवा कणकेचे गोड दिवे करा. संध्याकाळ भरून जाते आणि घरातली लहान मुलंही खूश होतात.

लग्नात गाडी स्वतःची असू द्या, म्हणजे निघता येतं. वरातीत नाचायला जाऊ नका, थेट लग्न लागताना पोचा. हातात पहिल्यापासून ताक किंवा लिंबू सोडा धरा, रिकामा हात पाहिला की कोणीतरी ग्लास देतंच. ‘एक घे रे, काय होतं’ याला उत्तर एकच आणि आखूड: ‘गोळ्या चालू आहेत, जमत नाही.’ कारणं सांगत बसलात की समोरचा वाद घालतो. दोनदा म्हणून तिसऱ्यांदा आग्रह झाला तर बूट घाला.

गांजा सोडलेल्यांनी २०२७च्या सिंहस्थाचाही विचार करून ठेवावा. साधुग्राममध्ये चिलमीचा वास टाळता येत नाही आणि वास ही तलफेची सर्वांत जुनी किल्ली आहे. स्नान रामकुंडावर करा, आखाड्यांतली फेरी त्या वर्षी राहू द्या.

द्राक्षांचे पैसे एकदम हातात येतात आणि त्याच आठवड्यात सुरू होते. असं का?

निफाड-दिंडोरीकडून हा प्रश्न दर हंगामात येतो. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत माणूस फवारण्या, अवकाळी आणि व्यापारी यांच्या ताणात असतो. ताण संपतो, हातात रोकड येते आणि भोवती ‘पार्टी दे’ म्हणणारे असतात. तिन्ही गोष्टी एका दिवशी! घसरण फक्त दुःखातच होते असं नाही, आनंदातही होते. व्यापाऱ्याकडून पैसे बँकेत घ्या, रोख नको. सोसायटीचा हप्ता, औषधाच्या दुकानाची उधारी, मजुरी यांचा हिशोब पैसे यायच्या आधीच मांडून ठेवा. आणि व्यापाऱ्याकडे एकट्याने जाऊ नका. कंपनीतल्या दिवाळी बोनसलाही हेच लागू.

कडक बंद केली. पण वाइन तर फळांची, बिअर तर हलकी. ती चालेल?

नाही. हिशोब करा. ३० मिलीच्या एका व्हिस्कीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. १५० मिली वाइनच्या ग्लासात सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे दीड पेग. ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बिअरमध्ये ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग. मेंदू द्राक्ष आणि धान्य यांत फरक करत नाही. ‘बिनदारूची’ बिअरही टाळा. तिच्यात थोडं अल्कोहोल असू शकतं, आणि नसलं तरी चव, फेस आणि बाटली यांनी जुना रस्ता उघडतो.

गोळ्या कोणत्या असतात आणि किती दिवस घ्यायच्या?

तीन नावं जास्त ऐकू येतात आणि तिघांचं काम वेगळं आहे.

डायसल्फिरम, सहसा रोज २५० मिलिग्रॅम. ही तलफ कमी करत नाही, धाक घालते. गोळी पोटात असताना दारू घेतली की दहा ते तीस मिनिटांत चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, बीपी उतरतं. हृदयविकार असेल तर जिवावर बेततं. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही तिचा परिणाम १४ दिवसांपर्यंत राहू शकतो. ‘काल गोळी नाही घेतली, आज पितो’ हा हिशोब इथेच फसतो. यकृताची तपासणी आधी आणि अधूनमधून लागते. जुलाबासाठी सर्रास दिली जाणारी मेट्रोनिडॅझोल हिच्याबरोबर चालत नाही, तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनाही सांगा.

नॅलट्रेक्सोन, सहसा रोज ५० मिलिग्रॅम. पिण्यातली मजा आणि तलफ दोन्ही कमी करते. पण अफूच्या जातीची वेदनाशामकं, उदाहरणार्थ ट्रामाडॉल, चालू असतील तर ही घेता येत नाही. अ‍ॅकॅम्प्रोसेट ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा. मूत्रपिंड बरं असावं लागतं. दिवसाला सहा गोळ्या म्हणून लोक कंटाळतात आणि दुपारचा डोस सगळ्यांत आधी बुडतो, तेव्हा तो डब्यातच ठेवा.

मुदत मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात, बहुतेकदा सहा महिने ते वर्ष. बरं वाटायला लागलं म्हणून तिसऱ्या महिन्यात गोळी सोडणं ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

यांना न सांगता भाजीत गोळी मिसळली तर?

अजिबात नको. त्या दिवशी ते नेहमीसारखे प्यायले तर दवाखान्यात पोचेपर्यंत काय होईल सांगता येत नाही. जाहिरातीतल्या ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ पुड्यांमध्ये काय असतं ते विकणाराही सांगत नाही. डायसल्फिरम रोज सकाळी त्यांच्या संमतीने, तुमच्या समोर घेतली तरच तिचा खरा उपयोग होतो.

खोकल्याचं औषध, काढे चालतात का?

आयुर्वेदातली आसव-अरिष्टं, म्हणजे द्राक्षासव, दशमूलारिष्ट वगैरे, आंबवलेली असतात. त्यांत तयार झालेलं अल्कोहोल बहुधा ५ ते १० टक्के असतं आणि बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. होमिओपॅथीचे मदर टिंक्चर अल्कोहोलमध्येच असतात. काही खोकल्याच्या औषधांत कोडीन हे अफूच्या जातीचं औषध असतं. वैद्यांना सांगा, गोळी किंवा चूर्णाचा पर्याय बहुतेक वेळा असतो. डायसल्फिरम चालू असेल तर सॅनिटायझर, आफ्टरशेव आणि थिनरचा वाससुद्धा काहींना त्रास देतो.

झोपच येत नाही. महिना झाला.

दारूने बिघडवलेली झोप रुळावर यायला काही महिने लागतात. ठरलेली उठण्याची वेळ, दुपारी चारनंतर चहा बंद, दिवसा झोप वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. मेडिकलमधून ओळखीने अल्प्राझोलाम ही सवय लागणारी गोळी आणू नका, एक सोडून दुसरं धरल्यासारखं होतं. सातपूर-अंबडला शिफ्ट फिरती असेल तर पहिले तीन महिने रात्रपाळी टाळता येते का ते सुपरवायझरला विचाराच. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली तर मागणं सोपं जातं.

माळ घातली. आता वेगळ्या उपचारांची गरज आहे का?

माळेने अनेकांची सुटली आहे, ते खोटं नाही. माळेबरोबर नवी माणसं मिळतात, एकादशी, हरिपाठ, त्र्यंबकच्या निवृत्तिनाथांची पौषवारी मिळते, आणि ‘माळकरी आहे’ म्हटल्यावर आग्रह थांबतो. हे सगळं रिलॅप्स रोखणारंच आहे. पण हात थरथरत असतील, फिट आलेली असेल, तर माळ घातलेल्यालाही डॉक्टर लागतो. शिवाय माळ उतरवून पिणारे असतात. तेव्हा घसरण झाली तर ‘देव कोपला’ म्हणून घरात बसू नका.

घरच्यांनी काय करायचं?

दारात आल्या-आल्या तोंडाचा वास घेऊ नका, खिसे तपासू नका. पिलेला नसताना चोर ठरलेला माणूस ‘मग पितोच’ म्हणतो. उधारी फेडू नका, कंपनीत ‘ताप आहे’ असं खोटं सांगू नका. घरात पाहुण्यांसाठीही बाटली नको. त्यांची दारू ही तुमची जबाबदारी नाही, तुमचं जेवण आणि झोप मात्र आहे. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या सभा असतात. मारहाण होत असेल तर उपचारांची वाट न पाहता ११२ला फोन करा.

घेतलीच गेली तर? पुढचे चोवीस तास सांगा.

उरलेली ओता आणि तिथून निघा. गाडी चालवू नका. त्याच रात्री एकाला तरी फोन करा, ‘उद्या सांगू’ म्हटलं की उद्या आणखी एक लपवायची असते. डायसल्फिरम घेतलेली असेल तर कसं वाटतंय हे न पाहता रुग्णालयात जा. पाणी प्या, खा, झोपा, दुसऱ्या दिवशी सभा किंवा डॉक्टर.

एक-दोन पेगची गोष्ट असेल तर एवढं पुरतं. पण आठ-दहा दिवस रोज भरपूर पिणं झालं असेल तर घरीच एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत. हे जीवघेणं असतं. १०८ बोलवा, नाहीतर त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात न्या. तिथे थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही मिळतं. ते ग्लुकोजच्या आधी किंवा त्याबरोबर द्यायचं असतं.

सावरल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवशी, मागच्या ७२ तासांचा हिशोब उलटा लिहा: पेगच्या आधी कुठे होतो, त्याआधी कोणाशी बोललो, त्याआधी काय जेवलो. साखळीतली सर्वांत पहिली कडी शोधायची आणि पुढच्या वेळी ती तोडायची. शेवटची तोडता येत नाही.

गर्द, ब्राउन शुगर, नशेची इंजेक्शनं यांत वेगळं काय?

महिनाभर बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. मन मात्र जुना डोस लक्षात ठेवतं. तोच डोस पुन्हा घेतला की श्वास थांबू शकतो. सेंटरमधून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे यासाठीच सर्वांत धोक्याचे. ओठ निळे, श्वास मंद, हलवून जाग नाही, अशी अवस्था दिसली तर कुशीवर वळवा आणि १०८. गर्दच्या व्यसनावरची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीत दीर्घकाळ घेणं म्हणजे ‘नशाच चालू ठेवणं’ नव्हे. आणि पोलिसांच्या भीतीने थांबू नका: अमली पदार्थांविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनीला ठरावीक अटींवर खटल्यापासून संरक्षण आहे.

दारूबरोबर तंबाखूही सोडू का?

सोडा. दोन्ही एकदम सोडल्याने दारू परत धरते हा समज खरा नाही. निकोटिनचा च्युइंग गम २ आणि ४ मिलिग्रॅमचा येतो. तो सतत चघळायचा नसतो: चार-पाच वेळा चावून गालात दाबायचा आणि आधी पंधरा मिनिटं चहा नको. मदतीसाठी १८००-११-२३५६.

पुन्हा सेंटरला न्यायचं झालं तर कोणतं?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, घरच्यांशी बोलू देतात का आणि सुटल्यावर पाठपुरावा आहे का, एवढं विचारा. गाडीत कोंबून नेणारे आणि मारहाणीला ‘शिस्त’ म्हणणारे टाळा. आरोग्य विम्यात व्यसनाचा उपचार बहुधा वगळलेला असतो, तेव्हा खर्च आधी लेखी घ्या. जवळपास काय आहे हे १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येतं. मन फार खचलं असेल तर टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीतही.

माझी नोकरीच वाइनरीत आहे. सोडू का?

काम कोणतं त्यावर आहे. बागेत, हिशोबात किंवा डिस्पॅचला असाल तर निभावता येतं. टेस्टिंग रूममध्ये असाल तर नाही. चव घेऊन थुंकली तरी तोंडातून थोडं अल्कोहोल शोषलं जातं, चव तर पूर्ण पोचते, आणि डायसल्फिरम चालू असेल तर तेवढ्यानेही त्रास होऊ शकतो. टाक्यांच्या खोलीतली वाफही डायसल्फिरम घेणाऱ्यांनी टाळायला हवी. आधी खातेबदल मागा. मिळेपर्यंत सुट्टीच्या दिवशीची टूर ड्यूटी घेऊ नका आणि घरी नेण्यासाठी मिळणाऱ्या बाटलीला पहिल्याच वेळी ‘नको, नाव काढून टाका’ म्हणून सांगा.